दोन मरीन ड्राइव्ह



तेलीबांधा तलावाच्या काठाला आम्ही रायपूरकर 'मरीन ड्राइव्ह' म्हणतो. मे 2025 मध्ये नवा रायपूरला एआय डेटा सेंटर पार्कची पायाभरणी झाली. तेव्हापासून इथे सकाळी फिरणाऱ्यांत एकच विषय: राउटर, स्विच, ऑप्टिकल फायबर बनवणाऱ्या कंपन्यांचे शेअर. परवा एका निवृत्त सुभेदारांनी विचारलं, "साहेब, ग्रॅच्युइटीचे पैसे यात टाकू का?" मी त्यांना मुंबईच्या मरीन ड्राइव्हची गोष्ट सांगितली.

1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. लँकेशायरच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना, म्हणून आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैसा मावेना. बॅकबेचा समुद्र बुजवून जमीन करायला कंपनी निघाली. तिचा 5,000 रुपयांचा शेअर 50,000 च्या घरात गेला. एप्रिल 1865 मध्ये युद्ध संपत आलं आणि कापूस कोसळला. 1 जुलैला वायद्यांचे हिशेब चुकते करायचे होते, पण देणाऱ्यांचे हात रिकामे. प्रेमचंद रायचंदसारखा बाजाराचा राजाही बुडाला.

कल्पना खोटी होती का? नाही. बॅकबेत भराव पडला, मरीन ड्राइव्हही झाला. पण पुढच्या शतकात.

आता 2000 साल. इंटरनेटचे राउटर बनवणारी सिस्को त्या मार्चमध्ये बाजारमूल्यात जगात पहिली झाली. शेअर 80 डॉलरवर होता. 2002 मध्ये तो 10 च्या खाली आला. इंटरनेट वाढतच राहिलं, सिस्कोची विक्रीही पुढे जवळपास तिप्पट झाली. तरी जुना भाव परत दिसायला डिसेंबर 2025 उजाडला.

त्याच लाटेत मीही मेसमधल्या गप्पा ऐकून, घरासाठी साठवलेले दोन लाख एका दूरसंचार कंपनीत घातले. वर्षभरात वीस हजार उरले. घर पाच वर्षं लांबलं. सौभाग्यवती कधी बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

फौजेत खबर आली की आम्ही विचारायचो: कोणी पाहिलं? कधी पाहिलं? सांगणाऱ्याचा त्यात काय फायदा? पैशाच्या बाबतीत मी यातलं एकही विचारलं नव्हतं. सुभेदारांना मी हेच तीन प्रश्न दिले, आणि चौथा जोडला: जाळं तर वाढेलच, पण आजच्या भावात ती वाढ आधीच मोजलेली नाही ना?

त्यांनी अजून पैसे टाकलेले नाहीत. कंपनीचा ताळेबंद घेऊन उद्या सकाळी तलावावर येणार आहेत.