तळटीप : तिसऱ्या आवर्तातील ऑक्साइडे
* सोडियमपासून क्लोरीनपर्यंत ऑक्साइडे ‘आम्लारीकडून आम्लाकडे जातात’, एवढेच लेखकाने येथे म्हटले आहे. ते बरोबरच आहे, पण मधला टप्पा थांबून पाहण्याजोगा आहे. सोडियमचे ऑक्साइड पाण्यात जोमाने विरघळून कॉस्टिक सोडा देते, मॅग्नेशियमचे जेमतेम विरघळते. ॲल्युमिनियमचे पाण्याला मुळीच दाद देत नाही, मात्र आम्ल आणि अल्कली या दोहोंशी त्याची अभिक्रिया होते. म्हणून ते उभयधर्मी. कार्ल बायर यांची १८८८ची पद्धत याच गुणावर उभी आहे. बॉक्साइट तप्त कॉस्टिक सोड्यात दाबाखाली शिजवले की त्यातले ॲल्युमिनियम द्रावणात उतरते आणि लोहाचे ऑक्साइड लाल गाळ होऊन मागे राहते. कोल्हापूरच्या डोंगरांवरील बॉक्साइटमधूनही ॲल्युमिना असेच काढतात.

सिलिका पाण्यात विरघळत नाही, म्हणून तिला उदासीन समजण्याची चूक विद्यार्थी हमखास करतात. वितळलेल्या अल्कलीशी ती सिलिकेट बनवते. अर्थात ती आम्लधर्मीच. पुढे फॉस्फरस, गंधक, क्लोरीन यांची सर्वोच्च ऑक्साइडे पाण्यात सरळ आम्ले देतात.

या बदलामागे बंधांचा फरक आहे. मॅग्नेशियम ऑक्साइडची आयनिक जालरचना सुमारे २८५० अंश सेल्सिअसपर्यंत टिकते. सुटे रेणू असलेले सल्फर ट्रायऑक्साइड १७ अंशांच्या आसपासच वितळते. मेंडेलीव्ह यांनी १८७१च्या तक्त्यात प्रत्येक गटाच्या माथ्यावर ऑक्साइडाचे सामान्य सूत्र लिहिले होते. ऑक्साइड न देणारा आरगॉन तेव्हा सापडलेलाच नव्हता. तो १८९४मध्ये सापडला. — संपादक