शोधनिबंध लिहिताना : गोंदेश्वराचे उदाहरण

महाविद्यालयातील प्रकल्प अहवाल म्हणजे परीक्षेच्या तोंडावर उरकायचे काम, असा समज विद्यार्थ्यांमध्ये रूढ आहे. चार संकेतस्थळांवरील मजकूर जोडायचा, स्पायरल बाइंडिंग करायचे, की अहवाल तयार! नाशिक परिसरातील इतिहासाच्या विद्यार्थ्याला सिन्नरचे गोंदेश्वर मंदिर हा विषय सहज सुचतो. शास्त्रीय लेखनाचे प्राथमिक धडेही याच मंदिराच्या आधारे गिरवता येतात.

'गोंदेश्वर मंदिर' हा विषय झाला, प्रश्न नव्हे. मध्यभागी शिवमंदिर, भोवती सूर्य, विष्णू, पार्वती व गणपती यांची लहान मंदिरे आणि भूमिज शैलीचे शिखर, हे वर्णन कोणीही करू शकतो. 'मंदिर नेमके कोणत्या शतकातील?' असे विचारताच मात्र लेखनाला दिशा मिळते. कारण कोणी अकरावे शतक सांगतो, तर कोणी बारावे. यादवकाळातील गोविंदराजाने ते बांधले, असे सांगितले जाते. ही माहिती जरूर द्यावी, पण 'परंपरेनुसार' हा शब्द गाळू नये. पुरावा आणि आख्यायिका यांतील फरक त्या एका शब्दाने राखला जातो.

संदर्भ देताना सर्वाधिक गफलत होते. सिन्नरचा 'सिंदिनेर' असा उल्लेख १०६९ च्या ताम्रपटात असल्याचे मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या नाशिक खंडात (१८८३) नमूद आहे. विद्यार्थ्याने ते गॅझेटियरमध्ये वाचले असेल, तर तळटीप गॅझेटियरचीच हवी. ताम्रपट न पाहता त्याचा हवाला देणे अप्रामाणिकपणाचे ठरते. हेन्री कझिन्स यांचा दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरील १९३१ चा ग्रंथ वापरल्यास पृष्ठक्रमांकही द्यावा. संकेतस्थळाचा आधार घेतल्यास ते कोणत्या तारखेला पाहिले, याची नोंद करावी.

दुसऱ्याचे वाक्य जसेच्या तसे घेतल्यास अवतरणचिन्हे आणि संदर्भ दोन्ही आवश्यक असतात. शब्द बदलले तरी विचार उसनाच राहतो, त्यामुळे तेथेही संदर्भ द्यावाच लागतो. नेमका हा भाग अनेकांच्या लक्षात येत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीनुसार प्रबंधातील १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. १० ते ४० टक्के साम्य आढळल्यास सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध सादर करावा लागतो. ४० ते ६० टक्क्यांसाठी वर्षभर तो सादर करण्यास मनाई होते, तर ६० टक्क्यांपुढे नोंदणीच रद्द होते. योग्य संदर्भासह दिलेली अवतरणे व संदर्भसूची या मोजणीतून वगळली जातात. पदव्युत्तर प्रबंधिकाही या नियमावलीच्या कक्षेत येतात, त्यामुळे पदवीच्या वर्गातच ही सवय लागलेली बरी.

भाषा सोपी असावी. 'अप्रतिम', 'डोळ्यांचे पारणे फेडणारे' अशी विशेषणे पर्यटन पुस्तिकेत शोभतात. निबंधात मोजमापे आणि निरीक्षणे हवीत. शुद्धलेखनासाठी मराठी साहित्य महामंडळाचे नियम आहेत. १९६२ मध्ये ते १४ होते, १९७२ मध्ये त्यांत चारांची भर पडली.

प्रस्तावना शेवटी लिहिणे सोयीचे असते. निष्कर्ष हाती आल्याशिवाय निबंधात काय आहे, हे लेखकालाही पुरते ठाऊक नसते. मंदिराच्या काळाचा प्रश्न सुटला नाही, तर तसे स्पष्ट लिहावे आणि कोणता पुरावा अपुरा पडला, तेही सांगावे.