सिंहाचा पराभव : गोवा, १९८०

निवडणुकीत एखादा जुना सत्ताधारी पक्ष हरला की दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत कारणांची यादी छापून येते. महागाई, बंडखोरी, नेत्यांचा अहंकार, विरोधकांची एकजूट, लाट. या कारणांत खोटे असे काही नसते. परंतु थोडे मागे जाऊन पाहिले, तर यांतील बहुतेक कारणे त्याच पक्षाने पूर्वी जिंकलेल्या निवडणुकीतही हजर असल्याचे आढळते. तेव्हाही महागाई होती, तेव्हाही बंडखोर होते. मग त्या वेळी तो पक्ष का जिंकला आणि या वेळी का हरला? खरा प्रश्न हा आहे, आणि त्याचे उत्तर यादीतून मिळत नाही. ते त्या पक्षाच्या जन्मापासून शोधावे लागते.

या दृष्टीने पाहण्याजोगे एक उदाहरण आपल्या शेजारी, गोव्यात घडले. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष, म्हणजेच लोकांच्या तोंडचा मगो, डिसेंबर १९६३ पासून एप्रिल १९७९ पर्यंत, मधला काही महिन्यांचा अवधी सोडला तर, अखंड सत्तेवर होता. जानेवारी १९८० च्या निवडणुकीत तीस सदस्यांच्या विधानसभेत त्याच्या वाट्याला सात जागा आल्या. सिंह हे त्याचे निवडणूक चिन्ह. तो सिंह त्यानंतर अनेकदा गुरगुरला, पण ते जंगल त्याला पूर्वीसारखे पुन्हा कधी मिळाले नाही.

आपण मराठी भाषक कॅथलिक. मराठी ही आपल्या शाळेची आणि उपासनेची भाषा. गोव्यातील आपले धर्मबांधव मात्र मराठीच्या नावाने उभ्या राहिलेल्या या पक्षाकडे वर्षानुवर्षे भयाने पाहत आले. त्यामुळे आपल्यात मगोविषयी बोलणे निघाले की बोलणारा एकतर भाषेच्या अभिमानाने बोलतो, नाहीतर धर्माच्या काळजीने. दोन्ही भावना समजण्याजोग्या आहेत. पण या पक्षाला निवडून देणारा माणूस ना साहित्य संमेलनातला होता, ना धर्मकारणातला. तो शेतावरचा कूळ होता. तेथूनच प्रारंभ केला पाहिजे.

पोर्तुगीज राजवट १९ डिसेंबर १९६१ रोजी संपली. त्या वेळच्या गोव्यात जमीन भाटकाराची असे, कसणारा कूळ असे आणि भाटकाराच्या जागेत झोपडी बांधून राहणारा तो मुंडकार. मुंडकाराचे घर त्याच्या मालकीचे नसल्यामुळे त्याची मानही त्याच्या मालकीची नसे. भाटकार हिंदूंत होते तसे ख्रिस्ती लोकांतही होते, आणि मुंडकारही दोन्हीकडे होते. डिसेंबर १९६३ मध्ये पहिली निवडणूक झाली, तेव्हा नेहरूंच्या काँग्रेसला वाटले की मुक्ती आपण दिली, मते आपल्यालाच मिळणार. तिने उमेदवार निवडले ते प्रतिष्ठितांतून. गोव्याच्या भूमीवर काँग्रेसला एकही जागा मिळाली नाही. जी एक मिळाली ती दमणची. बहुजन हिंदू समाज मगोच्या मागे उभा राहिला आणि ख्रिस्ती समाज मुख्यत्वे डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या युनायटेड गोवन्स पक्षाच्या मागे. दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. ते स्वतः खाणमालक, श्रीमंत गृहस्थ. पण ‘भाऊसाहेब’ म्हणून खेड्यातील शेवटच्या घरापर्यंत त्यांचे नाव गेले होते.

मगोचा जाहीर हेतू होता गोव्याचे महाराष्ट्रात विलीनीकरण. मतदाराचा हेतू होता भाटकाराच्या अंगणातून सुटका. हे दोन हेतू एका चिन्हाखाली नांदत होते आणि बाहेरच्यांना ते एकच वाटत. ते एक नव्हते, हे जानेवारी १९६७ मध्ये उघड झाले.

१६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल घेण्यात आला. विलीनीकरणासाठी फूल, स्वतंत्र केंद्रशासित प्रदेशासाठी दोन पाने. कौल निःपक्षपाती वातावरणात व्हावा म्हणून बांदोडकर सरकारने आधी राजीनामा दिला होता. दोन पानांना १,७२,१९१ मते पडली, फुलाला १,३८,१७०. आता थोडा हिशेब करावा. त्या काळी गोव्याच्या लोकसंख्येत ख्रिस्ती लोक पाचांत दोनहून किंचित कमीच होते. केवळ त्यांच्या मतांवर निम्म्याहून अधिक मते होणे शक्य नव्हते. म्हणजे हजारो हिंदूंनी, आणि त्यांत सिंहावर शिक्का मारणारे काही नक्कीच असणार, विलीनीकरणाला नकार दिला. गमतीची गोष्ट अशी की विलीनीकरणाविरुद्धचा सर्वांत धारदार प्रचार एका मराठी दैनिकाने केला. मडगावच्या ‘राष्ट्रमत’मधील उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर मराठीतून लिहिले जात होते. मराठी वाचणारा प्रत्येक जण विलीनीकरणवादी असतो, या समजुतीला तेवढे उत्तर पुरे आहे.

ज्या पक्षाचे नावच महाराष्ट्रवादी, त्याचा मुख्य ठराव लोकांनी फेटाळला. तर्काने पाहता तो पक्ष तेथेच संपायला हवा होता. पण अडीच महिन्यांनी विधानसभेची निवडणूक झाली आणि मगोला सोळा जागा मिळाल्या. तेच बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री. १९७२ मध्ये तर अठरा. मधल्या काळात, १९७० साली, पक्षातल्याच काही आमदारांनी त्यांच्याविरुद्ध बंड केले, तेही त्यांनी पचवले. मोठी हार, अंतर्गत बंड, फसलेले ध्येय, इतके सगळे असूनही पक्ष जिंकत राहिला. कारण मतदाराचे स्वतःचे काम अजून व्हायचे होते.

ते काम सरकार करीत होते, हेही मान्य केले पाहिजे. पोर्तुगीज अमदानीत ज्या गावांनी सरकारी शाळा पाहिली नव्हती, तेथे मराठी प्राथमिक शाळा उघडल्या. १९६४ मध्ये कूळ कायदा आला. १२ ऑगस्ट १९७३ रोजी बांदोडकरांचे निधन झाले आणि त्यांच्या कन्या, मंत्रिमंडळात आधीपासून असलेल्या शशिकला काकोडकर, मुख्यमंत्री झाल्या. मुलीकडे वडिलांची गादी आली अशी टीका त्या वेळीही झाली. ती टीका करताना एक गोष्ट विसरली जाते : वडिलांनी जे बोलून ठेवले होते त्यातील सर्वांत कठीण भाग मुलीने पुरा केला. १९७५ मध्ये मुंडकारांना घरातून हुसकून लावण्याविरुद्ध संरक्षण देणारा कायदा झाला. १९७६ मध्ये कूळ कायद्यात पाचवी दुरुस्ती होऊन कसणाराला जमिनीचा मालक मानण्यात आले. कागदावरचा कायदा शेताच्या बांधापर्यंत पोहोचायला वेळ लागतो, दावे-फिर्यादी होतात, तशा गोव्यातही झाल्या. परंतु भाटकारापुढे मान खाली घालण्याचा काळ संपला, हे दोन्ही पक्षांना कळून चुकले.

माझ्या मते मगोच्या पराभवाचा आरंभ येथे आहे; त्याच्या अपयशात नाही, त्याच्या यशात. हे विधान विचित्र वाटेल. पण विचार करा. १९६३ चा कूळ मत देताना भीत होता की सिंह हरला तर भाटकार परत येईल. १९७६ नंतर ती भीती ओसरू लागली. जमीन कायद्याने दिलेली होती, एखाद्या पक्षाच्या मर्जीने नव्हे. भीती ओसरल्यावर माणूस प्रथमच मोकळेपणाने विचारतो, आता पुढे काय? या प्रश्नाला पक्षाकडे उत्तर होते ते मागचेच : आम्ही तुम्हाला शाळा दिली, आम्ही तुम्हाला जमीन दिली. घरात म्हातारे वडील मुलाला जसे आपल्या उपकारांची आठवण देत राहतात, तसे काहीसे. मुलगा नाही म्हणत नाही, पण त्याचे लक्ष दाराकडे असते.

आणि मुले खरोखरच मोठी झाली होती. १९६४ साली सहाव्या वर्षी ज्याने नव्या मराठी शाळेत पाटी धरली, तो जानेवारी १९८० मध्ये बावीस वर्षांचा होता. मतदानाचे वय त्या वेळी एकवीस. मगोने उघडलेल्या शाळांतून शिकलेली पहिली मोठी पिढी नेमकी या निवडणुकीत मतदार म्हणून उभी राहिली. तिने मुंडकारपण ऐकले होते, भोगले होते ते लहानपणी. तिला हवी होती नोकरी, महाविद्यालय, वाहन. १९७८ च्या अखेरीस आणि १९७९ च्या आरंभी गोव्यातले विद्यार्थी रस्त्यावर आले ते कोणत्या मागणीसाठी? बसभाड्यात निम्मी सवलत मिळावी यासाठी. पंधरा वर्षांपूर्वी गावात शाळा नव्हती. आता शाळेपुढच्या शिक्षणाला जायला बस परवडत नव्हती. प्रगतीचेच हे अपत्य होते. पण सरकारला त्यात कृतघ्नता दिसली असावी.

दुसरी तक्रार समुद्रावरून आली. आपल्या किनारपट्टीवरील वाचकांना ती वेगळी समजावून सांगायला नको. गोव्याचे रापणकार किनाऱ्यावरून मोठे जाळे टाकून, दोन्ही बाजूंनी माणसे लावून ते ओढणारे. सरकारी उत्तेजनाने यांत्रिक ट्रॉलर आले आणि किनाऱ्यालगतचे मासे रापणीपर्यंत पोहोचेनासे झाले. सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून रापणकारांनी लढा उभारला; माथानी साल्ढाणा हे त्याचे पुढारी. रापणकारांत ख्रिस्ती पुष्कळ होते, म्हणून मगोला ती मते आपली वाटत नव्हती, हे खरे. पण गरीब कष्टकऱ्याचा कैवारी म्हणून ज्या पक्षाचा जन्म झाला, तो गरिबाच्या एका लढ्यात समोरच्या बाजूला दिसू लागला. कैवार एकदा असा वाटला गेला की तो तत्त्व राहत नाही. ते केवळ आपल्या माणसांचे हित ठरते. समुद्रात यांत्रिक नौकांना मर्यादा घालणारा कायदा झाला तो १९८० नंतर, दुसऱ्या सरकारच्या काळात.

इकडे विरोधकांचा चेहरा पालटत होता. मगोच्या प्रत्येक विजयाला समोरच्या युनायटेड गोवन्स पक्षाचा अप्रत्यक्ष हातभार असे. तो पक्ष भाटकारांचा आणि ख्रिस्ती लोकांचा, अशी त्याची प्रतिमा होती, मग ती पूर्ण न्याय्य असो वा नसो. पण १९७७ पर्यंत तो पक्ष स्वतंत्र रूपाने उरला नाही. त्याची माणसे काँग्रेस आणि जनता पक्ष यांत विखुरली. त्याच सुमारास सत्तरीच्या राणे घराण्यातील प्रतापसिंह राणे मगो सोडून काँग्रेसमध्ये गेले. ते १९७२ मध्ये मगोच्या तिकिटावर निवडून आलेले आणि मंत्री झालेले. आता काँग्रेसला मत देणे म्हणजे ‘त्यांना’ मत देणे राहिले नव्हते. पेडण्याचा कूळ आणि सासष्टीचा मुंडकार एकाच चिन्हावर शिक्का मारू शकत होते. १९६३ मध्ये हे अशक्य होते.

१९७७ च्या निवडणुकीत मगोला पंधरा जागा मिळाल्या, नेमक्या निम्म्या. काँग्रेसला दहा, जनता पक्षाला तीन. विरोधी मते दोघांत वाटली गेली म्हणून सरकार टिकले. पक्षाने हा इशारा न मानता विजय मानला. एप्रिल १९७९ मध्ये विधानसभेत स्वपक्षाच्या तीन आमदारांनी साथ सोडली, सरकार कोसळले आणि राष्ट्रपती राजवट आली. मगोचे जुने कार्यकर्ते पुढे सगळा दोष या तिघांना देत असत. पक्षांतर ही लाजिरवाणी गोष्ट आहे यात वाद नाही. परंतु तीन आमदार सरकार पाडू शकतात. लोकांच्या मनातून पक्ष काढून टाकणे त्यांच्या हाती नसते.

जानेवारी १९८० मध्ये निकाल लागला : काँग्रेसला वीस, मगोला सात, अपक्षांना तीन. हा निकाल देशातील लाटेचा होता असे काही जण म्हणतात. तसे म्हणता येत नाही. देशभर त्या वेळी इंदिरा गांधींची लाट होती. गोव्यात विजयी झालेली काँग्रेस मात्र देवराज अर्स यांची, जी देशात जवळजवळ सर्वत्र बुडाली. इंदिरा काँग्रेसला गोवा विधानसभेत एकही जागा मिळाली नाही. लाट एका दिशेला आणि गोव्याचे पाणी दुसऱ्या दिशेला, इतके हे स्पष्ट होते. शिवाय लोकसभेच्या पणजी मतदारसंघातून त्याच निवडणुकीच्या हंगामात मगोच्याच संयोगिता राणे निवडून आल्या. म्हणजे उत्तर गोव्यातील मतदाराला सिंहाचा तिटकारा आला नव्हता. दिल्लीला पाठवायला त्याला सिंह चालत होता. पणजीच्या सचिवालयात मात्र तो त्याला नको होता.

काँग्रेसचे अध्यक्ष शल्यविशारद डॉ. विल्फ्रेड डिसोझा होते. मुख्यमंत्रिपद त्यांच्याकडे न जाता प्रतापसिंह राणे यांच्याकडे गेले. ख्रिस्ती समाजातील काहींना ते लागले. आणि डिसोझांनी पुढे वेगळा पक्ष काढला. पण १९६३ मध्ये सिंहामागे गेलेल्या हिंदू कुळाला दिलासा देणारा तो निर्णय होता. विजयी आमदारांनी थोड्याच दिवसांत अर्स यांना सोडून इंदिरा काँग्रेसची वाट धरली. शशिकलाताईही काही काळ काँग्रेसमध्ये गेल्या, मग स्वतंत्र पक्ष काढून पुन्हा मगोत आल्या. १९८९ मध्ये चाळीस जणांच्या विधानसभेत मगोने अठरा जागा मिळवल्या; २०२२ मध्ये त्या दोनवर आल्या होत्या.

सत्ताबदल झाला तेव्हा भाटकारांपैकी काहींनी आशा धरली होती की जमिनीचे कायदे आता मागे घेतले जातील. राणे सरकारने ते मागे घेतले नाहीत. कूळ कुळाच्या जमिनीवर राहिला, मुंडकार त्याच्या घरात.