हात बसण्याआधीच गिऱ्हाईक

चित्रकथांच्या अंकांना अमेरिकेत कॉमिक म्हणतात. १९३८ साली तिथं ‘ॲक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक निघाला, सुपरमॅन त्यातच प्रथम दिसला. किंमत दहा सेंट. कागद वर्तमानपत्राचा, लाकडाच्या लगद्याचा. असा कागद स्वतःतल्याच आम्लाने पिवळा पडतो, हे शाळेच्या कपाटातल्या जुन्या पुस्तकांवरून आपल्याला ठाऊक आहेच. पोरांनी वाचावं आणि फेकावं, एवढंच त्या अंकांचं आयुष्य. दुसऱ्या महायुद्धात तर ढीगच्या ढीग रद्दीच्या मोहिमेत गेले.

उरले त्यांना मोल आलं. १९७० साली ओव्हरस्ट्रीट यांची किंमतसूची निघाली, आणि पुढे डागडुजीचा धंदाही उभा राहिला. जाणते कारागीर गव्हाच्या सत्त्वाची खळ आणि पातळ जपानी कागद वापरत. कारण तो जोड पाण्याने पुन्हा सोडवता येतो. पण हौशी मंडळींना धीर कुठला? चार अंक चिकटवले न चिकटवले, तोच दुसऱ्यांचे अंक दुरुस्तीला घेऊ लागले. रंग उडाला, फेल्टपेन फिरवा. फाटलं, चिकटपट्टी लावा. कड झिजली, कातरून टाका! सांगा पाहू, कातरलेली कड परत कुठून आणायची? शाई पानाच्या मागे उतरते, पट्टीचा गोंद कागदात मुरून तपकिरी डाग पडतो.

२००० साली सीजीसी ही कंपनी अंकांची प्रतवारी लावू लागली. असा हात फिरलेल्या अंकाला तिने जांभळी चिठ्ठी लावली. तेवढ्याच देखण्या, पण हात न लावलेल्या अंकापेक्षा तो पुष्कळ स्वस्तात जातो. आणि दुरुस्तीची मजुरी मालकाने आधीच मोजलेली असते.