अहमदनगरची युद्धबंदी छावणी आणि स्वावलंबी मंडळी

'गोवळकोंडा' म्हटले की आम्हां हैदराबादकरांना कुतुबशाही किल्ला आठवतो. परंतु हिंदी ख्रिस्तमंडळीच्या इतिहासात हे एका आगबोटीचेही नाव आहे. १९१५ च्या अखेरीस आणि पुन्हा १९१६ मध्ये या बोटीतून जर्मन मिशनरी, त्यांच्या स्त्रिया व मुले यांची हिंदुस्थानातून युरोपात रवानगी झाली. त्यांतील अनेक पुरुषांनी त्यापूर्वी अहमदनगरच्या छावणीत बंदिवास भोगला होता.

अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, हे जुने लष्करी ठाणे. दक्षिण आफ्रिकेतील युद्धात पकडलेले काही बोअर कैदी इंग्रजांनी १९०१ च्या सुमारास येथेच ठेवले होते. ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध पेटल्यावर या ठाण्यात 'शत्रुराष्ट्राचे प्रजाजन' येऊ लागले. व्यापाऱ्यांबरोबर बासेल, गोस्नर, लाइपझिग या मिशनांचे सेवकही त्यांत होते. मुंबई-पुणे प्रांतांतील जर्मन येशूसंघीयांवरही हाच घाला पडला. ज्या राजवटीच्या छत्राखाली मिशनकार्य वाढले, तिनेच एका आज्ञेने ते थांबविले. उपदेशक कोणत्या राजाचा, हा प्रश्न तो कोणत्या प्रभूचा याहून मोठा ठरला. मिशनऱ्यांपैकीही अनेकांना राष्ट्राभिमान आणि सुवार्ता यांतील अंतर राखता आले नव्हते, हेही न्यायाने म्हटले पाहिजे.

मागे राहिलेल्या मंडळ्यांचे काय झाले? छोटा नागपुरात इंग्रज बिशप फॉस वेस्टकॉट यांनी गोस्नर मिशनच्या शाळांची देखरेख पत्करली. राष्ट्रे लढत असता एका मंडळीने दुसरीचा भार वाहिला. पुढे १० जुलै १९१९ रोजी तेथील मंडळीने आपली स्वायत्तता घोषित केली. त्याच वर्षी जानेवारीत तमिळ इव्हँजेलिकल लूथरन मंडळी स्थापन झाली होती. मिशनऱ्यांच्या गैरहजेरीत मंडळी विझली नाही. तिला स्वतःचे पाय सापडले.

ही हाक मात्र युद्धाने प्रथम दिली असे नव्हे. निजामाच्या राज्यातील दोर्णकल येथे १९१२ मध्येच व्ही. एस. अझरया हे अँग्लिकन मंडळीचे पहिले हिंदी बिशप झाले होते. आणि जेथे छावणी होती, त्याच अहमदनगरात रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी अनेक वर्षे सेवा केली. १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनची पगारी नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' उभारण्याचा संकल्प केला. तारांच्या आत परकीय सेवकांचे कार्य संपत असता, बाहेर एक मराठी ख्रिस्तभक्त परावलंबनाचे बंधन स्वेच्छेने तोडीत होता.

पौलाने आपल्या बेड्यांमुळे सुवार्तेची वाढच झाली, असे फिलिप्पैकरांस कळविले. अहमदनगरच्या बंदिवासाचेही फळ असेच मानावे काय? मानावे, परंतु बंदिवानांचे दुःख विसरून नव्हे. तसेच हे फळ आपोआप आले नाही. ज्यांनी शाळा चालविल्या, उपासना चालविल्या, ओझे उचलले, त्या एतद्देशीय पाळकांची व शिक्षकांची नावे इतिहासाने क्वचितच नोंदविली आहेत. सेवेची तयारी करणाऱ्या आमच्या तरुणांनी त्यांचाच कित्ता गिरवावा, आणि परकीय द्रव्य उद्या थांबले तर आपली मंडळी उभी राहील काय, हे आजच तपासून पाहावे.