पाव वाईट, पण कशाच्या तुलनेत?

संशोधन-प्रस्ताव लिहायला बसलेल्या मित्रमैत्रिणींनो, आज माझी फजिती सांगतो. पीएचडीच्या मुलाखतीला मी आहाराच्या इतिहासाचा विषय घेऊन गेलो होतो. प्रश्न होता, 'पाव खाऊन वजन कमी करता येतं का, आणि तो वाईट आहे असं आपण कधीपासून मानू लागलो?' समोरून तीनच शब्द आले, "वाईट? कशाच्या तुलनेत?" मला उत्तर देता आलं नाही.

खरं तर उत्तर घरातच होतं. आम्ही दिघीला राहतो. इथल्या बेकरीत पहाटे पावाच्या लाद्या येतात आणि भोसरी एमआयडीसीत फर्स्ट शिफ्टला निघालेली माणसं चहाबरोबर दोन पाव खाऊन बस पकडतात. माझा दादा त्यांतलाच. वजन वाढलं तेव्हा त्याला कुणीतरी आहाराचा तक्ता दिला. पहिलीच ओळ होती, 'ब्रेड-पाव बंद.' दादानं पाव सोडला. पण पहाटे साडेपाचला पोळ्या कोण करणार? मग पावाऐवजी गोड चहाचा दुसरा कप आला आणि अकरा वाजता कँटीनमध्ये वडे आले. तीन महिन्यांत काटा हलला नाही. "माझ्यातच दम नाही," असं तो म्हणू लागला. तक्त्यानं पाव काढला, पण त्याजागी काय, हे सांगितलंच नव्हतं.

आता इतिहासाकडे या. १८९० मध्ये पुण्यातल्या पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानानंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटं आली. पाहुण्यांत टिळक होते, रानडे होते. गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावं छापून आणली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि काहींना प्रायश्चित्त घ्यावं लागलं. त्या वादात पीठ कसलं, साखर किती, हे कुणी विचारलं नाही. तुलना होती ती घरच्या सोवळ्यातल्या अन्नाशी, आणि प्रश्न होता कुणाच्या हातचं खाल्लं हा.

१८६३ मध्ये लंडनला विल्यम बँटिंग नावाच्या गृहस्थानं आपल्या लठ्ठपणावर एक पुस्तिका काढली. डॉक्टरांच्या सल्ल्यानं त्यानं पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटे सोडले आणि सुमारे २१ किलो वजन उतरवलं. स्वीडिश भाषेत वजन कमी करण्याला आजही 'बांटा' म्हणतात, ते त्याच्याच नावावरून. पण पुस्तिका नीट वाचा. नाश्त्याला सुमारे २८ ग्रॅम कोरडा टोस्ट त्याला चालत होता. शिवाय सहा गोष्टी एकदम सुटल्या, मग श्रेय एकट्या पावाला कसं देणार? संशोधनाच्या भाषेत याला आपण चलांची सरमिसळ म्हणतो.

तिसरा टप्पा १९६५ चा. भारत सरकारनं मॉडर्न बेकरीज ही कंपनी काढली. टंचाईचा काळ होता आणि सरकारी कारखान्यातला, जीवनसत्त्वं घातलेला ब्रेड म्हणजे पोषण, असा हिशोब होता. इथे तुलना होती अर्धपोटी राहण्याशी. पुढे २००० मध्ये याच कंपनीचे ७४ टक्के शेअर सरकारनं हिंदुस्थान लिव्हरला विकले.

म्हणजे कधी पाव बाटवणारा ठरला, कधी लठ्ठ करणारा, कधी पोसणारा. दरवेळी त्याच्या शेजारी वेगळं ताट मांडलेलं होतं.

प्रश्नातला दुसरा शब्द 'वजन', तोही तपासा. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचीच मापं छापली. दोघांचा बीएमआय २२.३. पण शरीरातली चरबी एकाची सुमारे २१ टक्के, दुसऱ्याची ९. जास्त चरबी पुणेकराची! नुसता काटा पाहिला असता तर हा फरक दिसलाच नसता.

म्हणून प्रस्तावात प्रश्न असा मांडा: कोणता पाव, किती, कशाच्या जागी, कोणासाठी, किती दिवस आणि मोजणार काय? पांढऱ्या ब्रेडच्या १०० ग्रॅममध्ये साधारण २६० कॅलरी असतात, हा आकडा खरा आहे. पण दोन स्लाइस कशाबरोबर खाल्ले आणि त्यानंतर भूक कधी लागली, हे तो सांगत नाही.

दादा आता पाकिटावरची घटकांची यादी वाचतो. त्यात घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं असतात. पहिलं नाव मैद्याचं असेल तर नुसत्या तपकिरी रंगाला तो भुलत नाही. सकाळी गव्हाच्या ब्रेडचे दोन स्लाइस, उकडलेली दोन अंडी आणि एकच चहा. अकराचे वडे सुटले. पट्टा एक भोक आत गेलाय. हा पुरावा नव्हे, एका माणसाची गोष्ट आहे. प्रबंधात चालणार नाही. पण "माझ्यातच दम नाही" हे त्याचं वाक्य बंद झालं. चुकीचा प्रश्न कुणाच्या माथी बसतो, ते मला त्यातून कळलं. तुमचा प्रश्न लिहून झाला की त्याच्यापुढे हे दोन शब्द लिहून बघा: कशाच्या तुलनेत?