मनगटावरची घटका

भिवंडीजवळचे अंजूर म्हटले की इतिहासाची आवड असलेल्या वाचकाला गंगाजी नाईक आठवतात, आणि गंगाजी नाईक आठवले की वसई आठवते. फिरंग्यांच्या जाचातून साष्टी सुटावी म्हणून या अंजूरकरांनी पुण्याच्या दरबारी वर्षानुवर्षे खेटे घातले, वाटा-उतारांची माहिती पुरवली, माणसे जोडली. तेव्हा कुठे १७३७ साली मराठ्यांची झडप ठाण्यावर पडली आणि १७३९च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी वसई घेतली. ही हकीकत वाचकांना नवी नाही. तिच्यातला एकच लहानसा प्रसंग मी आज उचलणार आहे, आणि तो घेऊन जाणार आहे थेट घड्याळजीच्या दुकानात. तेव्हा वाचकांनी थोडा धीर धरावा.

वसईच्या तटाखाली मराठ्यांनी सुरुंग ठासले होते. बत्ती दिली, सुरुंग उडाले, तटाला खिंडार पडले आणि लोक त्वेषाने आत घुसले. इतक्यात मागे राहिलेला सुरुंग उशिरा उडाला आणि खिंडाराकडे धावलेले आपलेच कित्येक लोक त्यात गेले. शौर्यात उणीव नव्हती, दारूगोळ्यातही नव्हती. चुकली ती वेळ. त्या काळी छावणीत वेळ मोजायची ती सूर्यावर, प्रहरावर आणि नौबतीवर. वात किती घटका जळेल हे सुरुंग ठासणाऱ्याच्या अंदाजावर. चार मोर्चांवरच्या चार सरदारांना नेमका एकच क्षण ठाऊक असावा असे साधनच कोणाच्या हाती नव्हते.

वसई घेतल्यावर मराठ्यांनी तिथल्या चर्चमधल्या घंटा काढून आणल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळावर टांगलेल्या घंटेवर १७२१ हे साल आहे. वाईजवळ मेणवलीला नाना फडणिसांच्या घाटावर जी घंटा आहे तिच्यावर १७०७. फिरंग्यांच्या राज्यात या घंटा प्रार्थनेची वेळ सांगत. आपल्याकडे आल्यावर त्या देवाला जागवू लागल्या. वेळ मात्र दोन्हीकडे गावाची राहिली, एका माणसाची झाली नाही. ज्याच्या हाती घंटेचा दोर, त्याच्या हाती गावाचा दिवस.

आपले घरगुती साधन होते घटिकापात्र. तांब्याची वाटी, बुडाला बारीक भोक, ती घंगाळातल्या पाण्यावर सोडायची. भरून बुडाली की एक घटका झाली. घटका म्हणजे आजची २४ मिनिटे, तिची ६० पळे, आणि अशा ६० घटकांचे अहोरात्र. लग्नात जोशीबुवा या वाटीवर डोळा ठेवून बसत. ‘घटका भरली’ हा शब्दप्रयोग आपण माणसाच्या अखेरीविषयी वापरतो तो या वाटीवरून, आणि ‘घटकाभर बसा’ असे पाहुण्याला म्हणतो तेही तिच्यावरूनच. ‘तास’ हा शब्दसुद्धा मूळचा धातूच्या पात्राचा. पण लग्नघरच्या वाटीचा तोटा असा, की ती पाहायला माणूस बसवावा लागे, आणि ती घेऊन कोणी शेतावर जाऊ शकत नसे.

आता वसईच्या त्या सुरुंगापासून पावणेदोनशे वर्षे पुढे येऊ. १९१४ साली युरोपात महायुद्ध पेटले, तोपर्यंत मनगटी घड्याळ हा बायकांचा दागिना समजला जाई. पुरुषाचे घड्याळ कोटाच्या खिशात, साखळीला. पण खंदकात उभा असलेला अधिकारी एका हातात पिस्तूल आणि दुसऱ्यात नकाशा धरून खिसा कसा चाचपणार? तोफखान्याने मारा कोणत्या मिनिटाला थांबवायचा आणि पायदळाने कोणत्या मिनिटाला उठायचे हे ठरलेले असे. मिनिटाची गफलत झाली तर आपल्याच तोफांचे गोळे आपल्या डोक्यावर. वसईला जे घडले तेच. म्हणून हल्ल्याआधी सगळ्यांची घड्याळे जुळवायची पद्धत पडली, आणि त्या गरजेतून घड्याळ खिशातून मनगटावर आले. रोज वापरायच्या घड्याळाचे आपण आज जे गुण मानतो, ते सारे त्या चिखलातून आले आहेत. आकडे ठसठशीत, काटे जाड, काचेवर जाळी, पट्टा मजबूत, आणि अंधारात दिसण्यासाठी रेडियम.

या रेडियमची कथा मात्र दारुण आहे. अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या ऑरेंज गावच्या कारखान्यात तरुण मुली तबकड्यांवरचे आकडे रेडियमच्या रंगाने रंगवीत. कुंचल्याचे टोक बारीक राहावे म्हणून ते ओठांत धरायला त्यांना शिकवलेले होते. काही वर्षांत त्यांचे जबडे नासू लागले, कित्येक जणी मेल्या. त्यांच्यातल्या पाच जणी कोर्टात गेल्या आणि १९२८ साली कारखान्याला तडजोड करून भरपाई द्यावी लागली. आपल्याकडे अंधारात चमकणाऱ्या कुठल्याही घड्याळाला अजून ‘रेडियमचे घड्याळ’ म्हणतात. नव्या घड्याळांत आता रेडियम नसते. दिव्याचा उजेड पिऊन घेऊन रात्री तो परत देणारा निरुपद्रवी रंग असतो. आजोबांचे जुने चमकते घड्याळ घरात असेल तर त्याची काच उघडून तबकडी खरवडायला मात्र कोणी जाऊ नये. चमक विझलेली असली तरी रेडियम विझत नाही. त्याला निम्मे व्हायलाच १६०० वर्षे लागतात.

मुंबईच्या बाजारात स्विस घड्याळांचे नाव याच्याही आधीपासून होते. फावर-ल्यूबाची पेढी १८६५ पासून मुंबईत होती. वेस्ट एंड कंपनीचे ‘सोवार’ म्हणजे सवार, घोडेस्वार. ते फौजी लोकांत फार चाले, आणि पलटणीतून पेन्शनीत आलेल्या सुभेदाराच्या मनगटावर ते दिसले की गावात त्याचा शब्द थोडा जड होई. पण घड्याळ चालले तरी वेळ कोणती धरायची? १९०६ साली सरकारने सगळ्या हिंदुस्थानची एक वेळ केली, ती मुंबईच्या वेळेपेक्षा ३९ मिनिटे पुढे. मुंबईने ती मनापासून घेतली नाही. गिरणी कामगार बिथरले, कारण सूर्य तिथेच आणि भोंगा मात्र अलीकडे सरकलेला. कित्येक ठिकाणी मुंबईची वेळ १९५५ पर्यंत चालू होती. म्हणजे सरकारी घड्याळात एक वेळ आणि शहराच्या घड्याळात दुसरी, अशी जवळजवळ पन्नास वर्षे!

गरिबाच्या किंवा मध्यम घरच्या माणसाच्या मनगटावर घड्याळ आले ते मात्र स्वातंत्र्यानंतर, आणि त्याचे श्रेय बंगळूरच्या हिंदुस्थान मशीन टूल्सला द्यायला हवे. १९५३ साली यंत्रे बनवण्यासाठी निघालेल्या या सरकारी कारखान्याने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ साली घड्याळे काढली. पहिली घड्याळे पंडित नेहरूंच्या हस्ते बाहेर पडली. मग ‘जनता’, ‘पायलट’, ‘जवान’, ‘सोना’, ‘कोहिनूर’ अशी एकेक नावे आली. त्यांतले ‘जनता’ मला फार शहाणे घड्याळ वाटते. पांढरी तबकडी, स्वच्छ आकडे, तारखेची खिडकी नाही, रोज किल्ली द्यायची, सतरा ज्यूएल. पडले-झडले तरी आतल्या डोलत्या चाकाचा आस मोडू नये म्हणून त्याखाली धक्का झेलणारी बारीक कमान. काच प्लॅस्टिकची, म्हणजे तिच्यावर ओरखडे उठत, पण ती फुटून काट्यांत शिरत नसे, आणि ओरखडे टूथपेस्टने घासले की निघत.

या सतरा ज्यूएलविषयी थोडे सांगायला हवे. हे खडे शोभेचे नसतात. चाकांचे आस जिथे फिरतात तिथे झीज होऊ नये म्हणून कृत्रिम माणकाचे बारीक खडे बसवतात. हाताने किल्ली द्यायच्या साध्या घड्याळाला सतरा पुरतात. त्या काळी काही परदेशी कंपन्यांनी जाहिरातीसाठी पंचवीस, पन्नास, अगदी शंभर खडे बसवले. त्यांतले पुष्कळसे कशालाच टेकलेले नसत! मोठा आकडा पाहून भुलणारे गिऱ्हाईक सर्वच काळी असते.

‘जनता’चा खरा गुण दुसराच होता. ते तालुक्याच्या घड्याळजीला उघडता येई. भिवंडीच्या यंत्रमागांवर बारा-बारा तासांच्या पाळ्या, हवेत कापसाचे तंतू, अंगाला घाम. अंजुरापासून कल्याणपर्यंत चार महिने पावसाची ओल. अशा हवेत घड्याळ बंद पडणारच. प्रश्न एवढाच, की ते पुन्हा चालू कोण करणार. डोळ्याला भिंग लावून बसलेला बाजारातला घड्याळजी ते खोलून, धुऊन, तेल घालून दोन दिवसांत परत देई, आणि सुटा भाग त्याच्या डबीत असे. मागावरच्या कामगाराला या घड्याळाने आणखी एक गोष्ट दिली. पाळी सुटायला किती अवकाश आहे हे त्याला मुकादमाला विचारावे लागेना. भोंगा उशिरा झाला तर तो उशिरा झाला, हे त्याला स्वतःच्या मनगटावर दिसू लागले. सासऱ्याकडून जावयाला सायकल, अंगठी आणि घड्याळ देण्याची जी चाल पडली, तिच्यात हौस आणि मोठेपणा होताच; पण त्या तिघांत कामाला येणाऱ्या वस्तू दोन होत्या.

पुढे या घड्याळालाच घटका भरली. १९६९च्या नाताळात जपानच्या सायको कंपनीने पहिले क्वार्ट्‌झ मनगटी घड्याळ विकायला काढले. आत गारगोटीचा स्फटिक, आजच्या अशा घड्याळांत सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावणारा. किल्लीचे घड्याळ दिवसाला वीस-तीस सेकंद इकडेतिकडे गेले तरी लोक त्याला चांगले म्हणत. याची चूक महिन्याला तेवढी. टाटांच्या टायटनने १९८७ पासून अशी घड्याळे आपल्या बाजारात रुजवली. बंगळूरचा सरकारी कारखाना मागे पडत गेला, आणि २०१६ साली केंद्र सरकारने त्याची घड्याळ-कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला.

तेव्हा आज दीड-दोन हजारांत रोजचे घड्याळ घ्यायला निघालेल्याने काय पाहावे? माझ्या मते तबकडीकडे आधी, कंपनीच्या नावाकडे मागून. हात सरळ लांब करून, चष्मा काढून वेळ वाचता आली पाहिजे. ज्या तबकडीवर बाराच्या बारा आकडे आहेत आणि काट्यांचा रंग तबकडीच्या रंगाहून अगदी वेगळा आहे, ती घ्यावी. रुपेरी तबकडीवर रुपेरी काटे दुकानातल्या झगमगाटात फार शोभतात. दिवेलागणीला दिसत नाहीत. मुख्य काट्यांच्या पोटात आणखी तीन लहान तबकड्या असलेले घड्याळ तर विमान चालवणाऱ्यांसाठी ठेवावे. पाठीवर ‘३० मीटर’ लिहिले असले म्हणून ते घालून कोणी विहिरीत सूर मारू नये. तो आकडा कारखान्यातल्या स्थिर दाबाचा असतो; व्यवहारात त्याचा अर्थ हात धुताना शिंतोडे उडाले तर चालेल, इतकाच. शेतात, पावसात, खाडीवर जाणाऱ्याने ५० किंवा १०० लिहिलेले पाहावे. सेल दोन-तीन वर्षांनी बदलतो; बदलताना झाकणाखालचे रबराचे कडेही पाहायला सांगावे, कारण पाणी शिरते ते तिथून. केस पोलादाची असावी. पितळेवर चढवलेला मुलामा आपल्या घामापुढे टिकत नाही. आणि पट्टा साध्या मापाचा, १८ किंवा २० मिलिमीटरचा, म्हणजे तो भिवंडीतही मिळेल.

जुन्या ‘जनता’ची हौस असलेली तरुण मंडळी अलीकडे पुष्कळ भेटतात. त्यांनी एवढे जपावे, की बाजारात फिरणाऱ्या जुन्या घड्याळांतली बरीच चार घड्याळांचे भाग जुळवून, तबकडी नव्याने रंगवून केलेली असतात. भिंगातून अक्षरे पाहावीत. कारखान्यातला छाप कडेला स्वच्छ असतो, हातरंगाचा पसरतो. झाकण उघडून यंत्र पाहू द्यावे असे विक्रेत्याला म्हणावे. कां-कू करील तर पुढे चालावे. आणि घेतलेच, तर किल्ली रोज एकाच वेळी द्यावी, सकाळचा चहा आधणावर ठेवला की, आणि घड्याळ हातातून काढून द्यावी, म्हणजे किल्लीचा दांडा तिरका ओढला जात नाही.